कपाळ, छाती, पोटरी : वऱ्हाडातील मुखकर्करोग आणि चेहऱ्याची पुनर्रचना

तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत दोन कामे असतात. आधी गाठ, तिच्याभोवतीचा साधारण एक सेंटिमीटर निरोगी काठ आणि मानेतल्या लसिकाग्रंथी काढायच्या. मग जे भगदाड पडले ते त्याच माणसाच्या अंगावरचे दुसरीकडचे कातडे, स्नायू किंवा हाड आणून बुजवायचे. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत हे भगदाड बहुधा गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खोबणीत पडते, कारण तंबाखू तिथेच दाबून धरतात. युरोप-अमेरिकेत सिगारेट आणि दारू ही मुख्य कारणे, त्यामुळे तिकडे जीभ आणि जिभेखालची जागा जास्त बिघडते. खोबणीतला रोग मात्र दोन्हीकडे पसरतो, आत जबड्याच्या हाडात आणि बाहेर गालाच्या कातड्यात. तो पुरता काढला की तोंडाचे अस्तर, हाड आणि बाहेरचे कातडे असे तिन्ही थर जातात आणि गाल आरपार उघडा पडतो. हे थर पुन्हा कसे उभे करायचे याची उत्तरे विसाव्या शतकात बदलत गेली. आधी कपाळाचे कातडे, मग छातीचा स्नायू, मग पोटरीचे हाड असा तो क्रम आहे. वऱ्हाडातल्या रुग्णाच्या वाट्याला त्यातले काय आले, हे रोगाने जितके ठरवले तितकेच रुग्णालयाच्या अंतराने, मुक्कामाच्या सोयीने आणि खर्चानेही ठरवले.

पान या मुलखाला नवे नाही. अंजनगाव सुर्जी, अचलपूर, अकोट या पट्ट्यात बारी समाजाचे पानमळे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. शेताच्या धुऱ्यावर बसून तंबाखू-चुना मळणे आणि बायकांनी दातांना मिश्री लावणे हेही जुनेच. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात गुटख्याच्या पुड्यांची भर पडली. पानठेल्यावरचा खर्रा तर आता विदर्भाची ओळखच झाला आहे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचा आणि ती पुडी दिवसभर खिशात बाळगायची. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरणारे निघाले. विडी-सिगारेट ओढणारे त्यापुढे फारच थोडे होते.

सुपारीने आणखी एक दुखणे दिले. मुंबईचे कान-नाक-घसा शल्यचिकित्सक एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये तोंडाचे अस्तर ताठ होत जाण्याच्या या विकाराचे वर्णन करून त्याला नाव दिले. तोच आजचा सबम्युकस फायब्रोसिस. निरोगी माणसाच्या तोंडात आपलीच तीन बोटे एकावर एक उभी मावतात. या रोगात दोन, मग एक आणि शेवटी एकही मावेनासे होते. अशा तोंडात कर्करोग झाला की अडचण शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू होते. भुलेची नळी तोंडावाटे जात नाही, ती दुर्बिणीच्या मदतीने नाकातून घालावी लागते, नाहीतर गळ्याला छेद द्यावा लागतो. पुनर्रचनेची अडचण तर त्याहून मोठी. छोटी जखम एरवी शेजारचे अस्तर ओढून शिवता येते. इथे शेजारचे अस्तर आधीच चामड्यासारखे आक्रसलेले असते. त्यामुळे वऱ्हाडात लहानशा गाठीनंतरही दुसरीकडचे मांस आणण्याची वेळ येते.

दुसरीकडचे कातडे चेहऱ्यावर आणण्याची कला भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेले नाक सांधण्यासाठी पानाचे माप घेऊन गालाचे कातडे उचलायला सांगितले आहे. कपाळाच्या कातड्याची पद्धत कोणी काढली हे माहीत नसले, तरी जगाने ती पाहिली ती मराठी मुलखात. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. नाव पारशी वळणाचे असले तरी त्या वेळच्या वृत्तांतात तो शेतकरी जातीचा मराठा म्हटला आहे. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. १७९३ मध्ये पुण्याजवळच्या एका कुंभाराने त्याला नवे नाक बसवले आणि थॉमस क्रुसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी ते काम डोळ्यांनी पाहिले.

त्या कुंभाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याची रीत मात्र बारकाईने लिहिली गेली. उरलेल्या नाकाच्या बुंध्यावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला नाकाचा आकार द्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. रेघेवरून कातडे सोलून काढायचे, पण दोन भुवयांच्या मधला देठ तुटू द्यायचा नाही. त्या देठातूनच रक्त येत राहते. मग ते कातडे पिळून खाली वळवायचे आणि बुंध्याला पाडलेल्या खाचेत बसवायचे. टाके नाहीत, कात पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवायची. साधारण पंचविसाव्या दिवशी देठ कापायचा. विड्यात पडतो तोच हा कात. तोंडाच्या कर्करोगाच्या इतिहासात तो दोन्ही बाजूंना आढळावा, हा योगायोग चमत्कारिक आहे.

जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू याने २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि दोन वर्षांनी त्यावर पुस्तक लिहिले. तिथून कपाळाच्या कातड्याची ही पद्धत ‘भारतीय पद्धत’ या नावाने युरोपभर गेली. पहिल्या महायुद्धात हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये हजारो सैनिकांचे फुटलेले चेहरे जोडले. १९१७ मध्ये त्यांनी कातड्याच्या पट्ट्याच्या कडा शिवून त्याची नळी करण्याची युक्ती वापरली. त्याने जंतुसंसर्ग कमी झाला आणि कातडे दूरवर नेता येऊ लागले. कला परत भारतात आली ती इंग्लंडात शिकून आलेल्या डॉक्टरांच्या हातून. पुण्याच्या कुंभाराचे वारस ज्यांना म्हणता येईल, त्यांना ती परक्या भाषेतल्या पुस्तकांतून शिकावी लागली.

वऱ्हाडात तोपर्यंत सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलेला आणि १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेला हा कापसाचा मुलूख आगगाडीने मुंबई-नागपूरशी बांधलेला होता. अमरावतीचे इर्विन आणि डफरीन, अकोल्याचे लेडी हार्डिंग ही इंग्रजी अमलातली रुग्णालये. त्यांची ही नावे लोकांच्या तोंडून अजून गेलेली नाहीत. तिथे बाळंतपणे होत, हाडे बसवली जात, गळवे फोडली जात. गालाचा मोठा कर्करोग कापून काढायला लागणारी भूल, रक्त आणि हातखंडा जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हता. कुठे काढलाच, तर कडा ओढून शिवणे किंवा भोक तसेच सोडणे हाच मार्ग. तोंडात घेतलेले पाणी गालातून बाहेर येई. असा रुग्ण रोगातून वाचला तरी पंगतीत बसत नसे.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथले रोगनिदानतज्ज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतल्या मुखकर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. हा आजार इकडे इतका का, या प्रश्नाला त्यामुळे आकड्यांचा आधार मिळाला. पण १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्य प्रदेशात होते. राजधानी नागपूर, सरकारी मोठे रुग्णालय नागपूरचे. तिथले वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये निघाले. लोक त्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात. १९५० च्या दशकात डॉ. सी. बालकृष्णन यांनी तिथे प्लास्टिक सर्जरीचे काम उभे केले. देशातल्या पहिल्या स्वतंत्र विभागांत त्याची गणना होते. फाटलेला ओठ आणि टाळू यांचे त्यांनी केलेले वर्गीकरण आजही नागपूरच्या नावाने ओळखले जाते. भाजलेले आणि जन्मजात व्यंगाचे रुग्ण हेच तिथले मोठे काम. परंतु कातडे कसे उचलायचे आणि कसे जगवायचे हे जाणणारे हात अमरावतीपासून दीडशे किलोमीटरवर आले, ही मोठी गोष्ट होती.

याच काळात कर्करोग काढण्याचे कामही धाडसी झाले. गाठ, जबड्याचा तुकडा आणि मानेच्या ग्रंथी एकाच वेळी, एकसंध काढण्याची शस्त्रक्रिया महायुद्धानंतर रूढ झाली. तिला मिळालेले ‘कमांडो’ हे नाव अजून आपल्याकडच्या रुग्णांच्या कागदांवर दिसते. भगदाड मोठे झाले, तशी भरण्याची साधने शोधणे भाग पडले. १९६३ मध्ये ग्लासगोचे इअन मॅकग्रेगर यांनी कपाळाचे जवळजवळ सगळे कातडे कानशिलातल्या धमनीवर उचलून, गालफडाच्या हाडाखालून तोंडात आणण्याची पद्धत मांडली. कुंभाराने नाकासाठी वापरलेले कातडे आता गालाच्या आतल्या बाजूला लागले. ते हमखास जगे. पण कपाळावर मांडीच्या पातळ कातड्याचे ठिगळ येई आणि ते झाकायला फेट्याशिवाय काही नसे. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या बफलोचे वाहराम बाकामजियान यांनी खांद्यापासून छातीपर्यंतचा कातड्याचा पट्टा मानेवरून वर नेला. कपाळ वाचले, मात्र काम दोन टप्प्यांत होई आणि पट्ट्याचा देठ कापेपर्यंत तीन आठवडे थांबावे लागे. पेरणी किंवा वेचणी तोंडावर असलेल्या घरातल्या माणसाला हे तीन आठवडे शस्त्रक्रियेपेक्षा जड जात.

शस्त्रक्रियेनंतरही सुटका नसे. रोग पुढच्या पायरीवर असेल तर सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हावे लागतात आणि ते आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतात. त्यासाठी मुंबईला गेलेला वऱ्हाडी रुग्ण दोन-तीन महिने घरी येत नसे. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून मुंबई गाडीने साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे, अकोल्याहून त्याहून थोडी कमी. अशा मुक्कामाची सोय ज्या नावाने झाली ते वऱ्हाडचेच. गाडगेबाबांचा जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. त्यांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा टाटा आणि केईएम या मुंबईच्या रुग्णालयांतल्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देत आली आहे. दुसरे संत तुकडोजी महाराज, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते कर्करोगानेच गेले. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि वऱ्हाडातल्या अनेकांचा मुंबईचा फेरा त्या रुग्णालयाने वाचवला.

वऱ्हाडातल्या पुनर्रचनेला खरे वळण दिले ते १९७९ च्या एका शोधाने. अमेरिकेत येल विद्यापीठाचे स्टीफन आरियान यांनी छातीचा मोठा स्नायू त्याच्यावरच्या कातड्यासह उचलून तोंडात नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. शल्यचिकित्सक त्याला ‘पीएमएमसी’ म्हणतात. रुग्णाचे नातेवाईक सांगतात, ‘छातीचं मांस लावलं.’ या स्नायूला रक्त देणारी मुख्य धमनी गळपट्टीच्या हाडाच्या मध्याखालून निघते आणि स्नायूच्या आतल्या पृष्ठावरून खाली उतरते. छातीच्या खालच्या भागात, बरगड्यांवर, गालातल्या भगदाडाच्या मापाचे कातडे आखायचे. त्याच्याखालचा स्नायू बरगड्यांवरून सोडवत वर जायचे. धमनी बोटांना लागेपर्यंत हात सैल ठेवायचा. मग गळपट्टीवरून, मानेच्या कातड्याखालून बोगदा करायचा आणि मांस त्यातून वर ओढून गालात बसवायचे. बोगदा चार बोटे सहज जातील इतका रुंद हवा. तो अरुंद झाला तर देठ दाबला जातो, कातडे निळे पडते आणि आठवड्याभरात कडा काळ्या होऊन गळू लागतात. आरपार भगदाड असेल तर कातड्याचा तुकडा लांब घेऊन त्याचे दोन भाग करतात, एक तोंडाच्या आत, एक गालाच्या बाहेर. स्नायूची जाडी मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवरही पसरते. किरणोपचारानंतर जखम उसवलीच तर त्याच जाडीने त्या रक्तवाहिन्या झाकलेल्या राहतात.

ही पद्धत इथे रुजली त्याला कारणे आहेत. काम एकाच वेळी होते. सूक्ष्मदर्शक लागत नाही, रक्तवाहिन्या जोडाव्या लागत नाहीत, आणि गाठ काढणाराच शल्यचिकित्सक तास-दीड तासात भगदाडही भरू शकतो. साधारण दोन आठवड्यांत रुग्ण घरी जातो आणि किरणोपचाराची तारीख चुकत नाही. दोष ठळक आहेत. गाल फुगीर दिसतो, मान एका बाजूला ओढली जाते, पुरुषांच्या तोंडात छातीचे केस उगवतात आणि बायकांची छाती विद्रूप होते. काढलेल्या जबड्याच्या जागी हाड येत नाही ते वेगळेच. बाजूचा तुकडा गेला तर उरलेला जबडा त्या अंगाला सरकतो आणि वरच्या-खालच्या दाढा जुळत नाहीत. हनुवटीचा कमानदार भाग गेला तर ओठाला आधार उरत नाही, लाळ थांबत नाही. पाठ्यपुस्तकांत हा फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनीसह आणलेले हे मांस, आता ‘दुसरा पर्याय’ म्हणून छापला जातो. वऱ्हाड-नागपूरच्या रुग्णाकडे पाहिले तर त्याची खरी किंमत अशी की तो नसता तर असंख्य गाल उघडेच राहिले असते, आणि पुस्तकातल्या क्रमवारीवरून त्याला कमी लेखणे अन्यायाचे आहे.

पुढची पायरी सूक्ष्मशस्त्रक्रियेची. १९७३ मध्ये मेलबर्नला डॅनियल आणि टेलर यांनी कातड्याचा तुकडा रक्तवाहिन्यांसह पूर्ण तोडून दुसरीकडे जोडला. चीनच्या शेनयांगमधील यांग ग्वोफान यांच्या गटाने हाताच्या मनगटाकडचे पातळ, बिनकेसाचे कातडे वापरायला सुरुवात केली. ते १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तोंडाच्या अस्तराला त्याहून चांगले काही नाही हे लवकरच पटले. १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे डेव्हिड हिडाल्गो यांनी पोटरीतल्या बारीक हाडाचा जबडा केला. हे हाड अंगाचा भार जवळजवळ घेत नाही. वर गुडघ्याजवळ आणि खाली घोट्याजवळ सहा-सात सेंटिमीटर सोडले की मधला वीसेक सेंटिमीटरचा तुकडा काढता येतो आणि माणूस चालू शकतो. हाड पायात रक्तवाहिनीला जोडलेले असतानाच त्याच्या पाचरी काढून त्याला जबड्याचा बाक देतात, टायटॅनियमच्या पट्टीला स्क्रूने बसवतात आणि मगच देठ तोडतात. त्यानंतर दोन-तीन मिलिमीटरच्या धमन्या आणि शिरा केसाहून बारीक नायलॉनच्या दोऱ्याने मानेत जोडायच्या. पहिले दोन-तीन दिवस दर तासाला फ्लॅप तपासायचा, सुई टोचून लाल रक्त येते का पाहायचे. शीर तुंबली तर काही तासांतच रुग्णाला परत टेबलावर घ्यावे लागते. आठ-दहा तासांचे काम, दोन चमू, रात्रीची भूल, अतिदक्षता विभाग हे सगळे जिथे आहे तिथेच हे जमते. वऱ्हाडाबाहेर ते मुंबई, नागपूर आणि वर्ध्याच्या परिसरात आधी जमले, त्यामुळे पोटरीच्या हाडाचा जबडा अनेक वर्षे प्रवास परवडणाऱ्यांचाच राहिला.

सोयी हळूहळू जवळ आल्या. अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये निघाले. अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ चे. त्याचे रुग्णालय गावात ‘सर्वोपचार’ म्हणून ओळखले जाते. अकोल्यात संत तुकाराम महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. नागपूरजवळ जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा पहिला टप्पा २०१७ मध्ये आणि पूर्ण रुग्णालय एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाले. अमरावतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळायला मात्र २०२४ साल उजाडले. विभागाचे मुख्यालय असलेल्या शहराला इतका उशीर व्हावा, याचे समर्थन करणे कठीण आहे.

जुलै २०१२ या एकाच महिन्यात राज्य सरकारचे दोन निर्णय अमलात आले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलैला आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि अमरावती त्यांतला एक होता. अकोल्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार मिळू लागला. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही नंतर त्यात आले. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. फ्लॅपचा खर्च पाहिजे म्हणून वावर गहाण टाकण्याची पाळी यामुळे पुष्कळांवरची टळली. त्याच महिन्यात गुटख्यावर बंदी आली. पाकीटबंद पुडी दुकानातून दिसेनाशी झाली, चोरून मिळत राहिली, आणि समोर घोटून मिळणाऱ्या खऱ्ऱ्याचे काही अडले नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे काम तुलनेने साधे, पण लांबते. पहिले दोन आठवडे अन्न नाकातल्या नळीने जाते. मग पेज, ताक, कण्या, दुधात कुस्करलेली भाकरी. किरणोपचाराने जबड्याचे स्नायू आखडतात. म्हणून दातांच्या फटीत आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची गड्डी घालून, दर काही दिवसांनी एक काडी वाढवत तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो. वरचा जबडा काढला असेल तर पुष्कळदा मांस लावतच नाहीत. दंतवैद्य भगदाडाचे माप घेऊन काढता-घालता येणारी कवळी करतात. ती लावली की बोलणे नाकात जात नाही आणि पाणी नाकातून येत नाही. पोटरीच्या हाडात स्क्रू बसवून कायमचे दात लावता येतात, पण ते काम उपचार संपल्यावर पुष्कळ महिन्यांनी होते आणि त्याचा खर्च वेगळा. बहुतेक जण तिथवर जात नाहीत आणि दुसऱ्या बाजूच्या दाढांवर चावायला शिकतात. रोग उलटतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत, म्हणून त्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी ठरलेली असते. छातीचा जाड स्नायू गालात असलेल्या रुग्णात ती अधिक काटेकोरपणे करावी लागते, कारण त्या मांसाखाली वाढणारी नवी गाठ बोटांना उशिरा लागते आणि स्कॅनमध्येच आधी दिसते.